दुखणं अंगावर काढायला लावू नका

माननीय विश्वस्त मंडळ आणि व्यवस्थापन यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात नर्सिंग ऑफिसबाहेरच्या फलकावर आपलं नवं परिपत्रक लागलं. तीन महिन्यांत ज्यांची आजारपणाची एकही रजा पडणार नाही, त्यांना तीन हजार रुपये उपस्थिती भत्ता. आजारी पडलेल्याने ड्युटीच्या चार तास आधी कळवायचं आणि बदलीचा माणूस स्वतःच शोधून द्यायचा. एका दिवसाच्या रजेलाही आपल्याच ओपीडीचं प्रमाणपत्र. सिंहस्थाच्या पर्वण्यांच्या काळात सर्व रजा बंद. आणि खाली ठळक अक्षरात एक ओळ: ‘हॉस्पिटल आपलं आहे, आपणच सांभाळायचं.’

नियम जाचक असले तर मेट्रन मॅडमकडे अर्ज करता येतो, आजवर आम्ही तसे अर्ज करत आलोच आहोत. पण या चार नियमांच्या खाली ती ओळ वाचली आणि मला गप्प बसवेना. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. इथे येणाऱ्या पेशंटचा आमच्यावरचा विश्वास मला मोडायचा नाही. शिवाय मुंबई नाक्यापासून नाशिकरोडपर्यंत कुठल्याही खासगी हॉस्पिटलमधल्या सिस्टरला हे वाचायला दिलं, तर तिला ते स्वतःच्याच ठिकाणचं वाटेल.

मी दिंडोरी तालुक्यातली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाल्या झाल्या इथे लागले, त्याला चौदाएक वर्षं झाली. आयसीयू, मग एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू, आता मेडिसिन वॉर्ड. नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक, म्हणजे नर्सिंगची पदवी, केलं. कुठली लिफ्ट पावसाळ्यात अडकते, कुठल्या बेडमागचा सक्शन पॉइंट नीट ओढत नाही, हे मला बायोमेडिकलवाल्यांच्या आधी कळतं. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि त्या एका दुपारी २२ रुग्ण दगावले. त्या रात्री आमच्या आयसीयूत कुणाला काही सांगावं लागलं नाही. ड्युटी संपलेले थांबले. वॉर्डातल्या मामांनी जंबो सिलिंडर ओळीने लावून ठेवले, प्रत्येक बेडशी हाताने श्वास द्यायची अंबू बॅग आली आणि पहाटेपर्यंत आळीपाळीने आम्ही प्रेशर गेजपाशी उभे होतो. हॉस्पिटल आमचं आहे, हे आम्हाला फलकावर लिहून सांगायची वेळ आलेली नाही.

आता मागच्या पावसाळ्यातली एक रात्र. वॉर्ड डेंग्यूच्या पेशंटनी भरलेला, जादा खाटा पॅसेजमध्ये. नाइटला एक ब्रदर होता, पंचविशीतला मुलगा. दुपारपासून ताप, पोटात अन्न नाही. आरएमओंनी, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांनी, ड्युटी रूममध्ये त्याला एक सलाइन लावली. ती संपल्यावर त्याने इंट्राकॅथ, म्हणजे शिरेतली सुई, काढली नाही. ‘पहाटे अजून एक लागेल’ म्हणून हातात तशीच ठेवली, वरून चिकटपट्टी मारली आणि त्याच हाताने दहाच्या औषधांची ट्रॉली बाहेर काढली. मध्यरात्रीनंतर एका पेशंटच्या मुलाने त्याला विचारलं, ‘दादा, तुम्ही स्टाफ आहात की ॲडमिट आहात?’

दुसऱ्या दिवशी त्या हाताचा फोटो हॉस्पिटलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, ‘याला म्हणतात समर्पण!’ टाळ्यांची रांग लागली. महिनाअखेरीस त्याला प्रमाणपत्रही मिळालं. मधल्या काळात त्याचे प्लेटलेट घसरले आणि आपल्याच वॉर्डात, पॅसेजमधल्याच खाटेवर त्याला ॲडमिट व्हावं लागलं, हे मात्र ग्रुपवर आलं नाही. त्या दिवसांचे पैसे बिनपगारी रजेत कापले गेले, तेही आलं नाही. आणि भरलेल्या वॉर्डला त्या रात्री त्याच्या जागी उभा करायला दुसरा माणूस का नव्हता, हा प्रश्न फोटोला टाळ्या देणाऱ्या एकाही वरिष्ठाने विचारला नाही.

मला त्या मुलाबद्दल काही म्हणायचं नाही. मीही अंगात ताप असताना ड्युट्या केल्या आहेत, आमच्यापैकी कुणी केल्या नाहीत? पण फोटो काढून, कौतुक करून त्याची रीत पाडली की उद्या घरी झोपणाऱ्याकडे सगळे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. आता परिपत्रकाने त्या नजरेला पैशांचीही जोड दिली.

भत्त्याचं आधी बोलते. तीन हजार रुपये आपल्या ताळेबंदात फार मोठे नसतील. अठरा हजार हातात येणाऱ्या सिस्टरच्या घरी ते मुलाच्या स्कूल व्हॅनचे पैसे असतात. तिमाही संपायला आठवडा उरला असताना तिला ताप भरला, तर ती काय करेल असं आपल्याला वाटतं? पॅरासिटामॉल घेईल आणि युनिफॉर्म चढवेल. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, विषाणू जात नाही. फ्लू झालेला मोठा माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस तो दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणूनच ताप उतरवणारं औषध न घेता किमान २४ तास ताप नसेल तरच आरोग्य कर्मचाऱ्याने कामावर परतावं, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते. जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसमध्ये तर त्रास थांबल्यावरही ४८ तास लांब राहायचं असतं. आपल्या इन्फेक्शन कंट्रोलच्या क्लासमध्ये आम्हाला हेच शिकवतात. आणि ऑफिसबाहेरच्या फलकावर भत्त्याचं परिपत्रक लागलं आहे. आम्ही कुठलं पाळायचं?

शिवाय हा भत्ता कुणाच्या पदरात पडणार? ज्याला नशिबाने काही झालं नाही त्याच्या, आणि ज्याने लपवलं त्याच्या. जिला दमा आहे, जिचं पाळीत अंग आडवं होतं, जिच्या घरी पाळणाघरातून रोज नवी सर्दी घेऊन येणारं बाळ आहे, तिला तो कधीच मिळणार नाही. तिची निष्ठा मग कमी धरायची का?

एनआयसीयूत असताना एक बाई कांगारू केअरला, म्हणजे बाळ उघड्या छातीशी धरून, बसली होती. सुरगाण्याकडची, फार बोलायची नाही. बाळ अकराशे ग्रॅमचं. फीड द्यायला आलेली सिस्टर मास्कच्या आत खोकला दाबत होती. त्या बाईने काही न बोलता पदर बाळाच्या डोक्यावरून घेतला आणि खुर्चीतल्या खुर्चीत पाठ वळवली. सिस्टर तिथेच थांबली, फीडची सिरिंज माझ्या हातात दिली आणि बाहेर गेली. बाहेर येऊन मला म्हणाली, ‘मॅडम, रजा मागितली होती, माणूस नाही म्हणाले.’ निरक्षर आईला जे कळलं ते रोस्टर लावणाऱ्या ऑफिसला कळत नसेल, असं मी मानत नाही. त्यांनाही कळतं. त्यांच्याकडे माणूसच नव्हता.

बदलीच्या नियमाचं तसंच. आमच्या वॉर्डच्या ग्रुपवर पहाटे पाचला मेसेज पडतो: ‘१०२ ताप आहे, कुणी मॉर्निंग घेईल का प्लीज.’ वीस जणी वाचतात. कुणी नाइटवर असते, कुणी नाइट ऑफला, कुणाचं पोर शाळेला निघायचं असतं. अर्ध्या तासाने कुणीतरी ‘मी डबल करते’ लिहिते. म्हणजे रात्रभर जागलेली बाई आठला स्वतःलाच ओव्हर देते, म्हणजे पेशंटचा चार्ज स्वतःकडूनच घेते, आणि दोनपर्यंत तेच पेशंट बघते. रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरॲडच्या पंपाचा रेट बदलायला, इन्शुलिनची युनिटं मोजायला आपल्याला ती चालते का? ज्या दिवशी कुणीच ‘मी करते’ लिहीत नाही, त्या दिवशी १०२ तापवाली सिटीलिंकच्या बसमध्ये बसते. बदली शोधणं हे काम पगार घेणाऱ्या प्रशासनाचं आहे. ते अंथरुणावरच्या माणसाच्या उशाशी नेऊन ठेवू नका.

आपल्याच ओपीडीचं प्रमाणपत्र मागणं तर मला अपमानाचं वाटतं. एका दिवसाच्या जुलाबासाठी आजारी सिस्टरने पाथर्डी फाट्यावरून इथे यायचं, रांगेत बसायचं, तिची फाइल रोजच्या ओळखीच्या क्लार्कने उघडायची. गर्भपात झालेली असेल, मानसोपचाराची गोळी सुरू असेल, तर ती काय करेल? ती रजाच मागणार नाही. कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र चालायला हवं, आणि पहिल्या दोन दिवसांना तेही नको.

आता ज्यांचं नाव परिपत्रकात कुठेच नाही, त्यांच्याविषयी. हाउसकीपिंगच्या मावशी, मामा, किचनमधली मुलं हे सगळे ठेकेदाराचे. भत्ताही त्यांना नाही आणि पगारी आजारपणही नाही. न आलेला दिवस बुडाला. २१ हजारांच्या आत पगार असलेल्यांना राज्य कामगार विमा योजनेत, हप्ते नीट भरले गेले असतील तर, वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे साध्या फ्लूला, डोळे आल्याला, पोट बिघडल्याला हातात शून्य. त्यातून सातपूरच्या विमा रुग्णालयापर्यंत जाऊन कागद करायचे म्हणजे आणखी एक दिवस. मग पेशंटचं ताट वाढणारा मुलगा पोट धरून ताट वाढतो. एका मावशीचे डोळे लालभडक झाले होते. काळा चष्मा लावून ती फरशी पुसत होती आणि त्याच हाताने बेडचे कठडे. मी तिला घरी जायला सांगितलं, तर म्हणाली, ‘सिस्टर, आजचा खाडा तुम्ही देणार का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते आपल्याकडे आहे. इन्फेक्शन ठेकेदाराचं की हॉस्पिटलचं हे बघून पसरत नाही.

पोस्ट बेसिकच्या प्रोजेक्टसाठी मी याच विषयावरचं थोडं वाचलं होतं. त्यातली तीन कामं आपल्यापुढे ठेवते, कारण आपण नेहमी म्हणता की आकडे घेऊन बोला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये ५३६ डॉक्टर आणि त्यांच्या बरोबरीने पेशंट तपासणाऱ्या वरिष्ठ नर्सेस वगैरेंना विचारलं गेलं. आजारी असताना काम केल्याने पेशंटला धोका होतो, असं ९५ टक्के म्हणाले. तरीही वर्षभरात एकदा तरी तसं काम केल्याचं ८३ टक्क्यांनी सांगितलं. कारणं विचारली तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी सहकाऱ्यांना अडचणीत टाकायचं नव्हतं असं सांगितलं, ९५ टक्क्यांनी माणसं कमी पडतील म्हणून, आणि ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी पेशंटला वाऱ्यावर सोडायचं नव्हतं म्हणून. यातला एकही माणूस कामचुकार नाही. आपल्याकडचे पाच जण निवडून विचारलंत तरी हेच ऐकायला मिळेल. स्वीडनमध्ये अरॉन्सन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या व्यवसायांत हेच तपासलं (त्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला), तेव्हा दुखणं घेऊन कामावर जाणाऱ्यांत शुश्रूषा करणारे आणि शिक्षक सर्वांत पुढे निघाले. ज्यांच्या कामात समोर जिवंत माणूस वाट बघत असतो, त्यांचा पाय घरी ठरत नाही.

तिसरं काम पिअर्स, कोस्तोव्हा आणि डर्क्स या तिघांचं, २००१ सालचं. नोकरी करणाऱ्याला संस्था आपली का वाटायला लागते, याचे तीन रस्ते त्यांनी सांगितले: तिच्यावर आपला काही ताबा असणं, तिला आतून-बाहेरून ओळखणं, आणि तिच्यात स्वतःला ओतणं. हे वाचताना मी थांबले होते. ओळख आम्ही देतो. स्वतःला ओततोही. उरला ताबा. रोस्टर किती माणसांवर लागतं ते आम्हाला विचारत नाहीत. नवा वॉर्ड उघडायचं ठरतं तेव्हा नर्स किती लागतील हा आकडा आम्हाला उद्घाटनाच्या दिवशी कळतो. या परिपत्रकाचा मसुदा एकाही सिस्टर इन्चार्जने पाहिला नव्हता. आजारी पडल्यावर झोपायचं की उठायचं, एवढ्यावरही आमचा ताबा नको असेल, तर ‘आपलं आहे’ म्हणताना सांभाळणं तेवढं आमच्या वाट्याला येतं आणि ठरवणं आपल्याकडे राहतं.

या सगळ्याच्या मुळाशी माणसं कमी असणं आहे, आणि तो हिशेब कुणाला माहीत नाही असं नाही. वॉर्डला किती नर्स लागतात याचे भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत, आणि त्या संख्येवर ३० टक्के राखीव माणसं रजांसाठी धरायची असतात. कारण माणूस आजारी पडतोच, बाळंतपणाला जातोच. आपल्याकडे ही राखीव फळी शून्य आहे. त्यामुळे एक जरी पडली तरी रोस्टर कोसळतं, आणि ते कोसळू नये म्हणून पडलेलीला उठवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी हॉस्पिटलमधल्या नर्सेसना रजा, कामाचे तास आणि वैद्यकीय सुविधा सरकारी नर्सच्या बरोबरीने द्याव्यात अशी शिफारस केली. त्याच समितीने दोनशेहून जास्त बेडच्या हॉस्पिटलात पगारही बरोबरीचा सांगितला. तो अहवाल आपल्या एचआरकडे नक्की असेल. त्यावर आजवर एक बैठकसुद्धा झालेली नाही.

आणि सिंहस्थ. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पर्वण्या आहेत. ऐन पावसाळा, रामकुंडापासून त्र्यंबकपर्यंत लाखोंची गर्दी, जुलाब, फ्लू, डेंग्यू, चेंगराचेंगरीची भीती. त्या दिवसांत हौसेची रजा कुणी मागणार नाही, मी लिहून देते. गावाकडची लग्नं-जत्रा आम्ही पुढे ढकलू. पण त्या दोन महिन्यांत आम्ही आजारी पडणार, इतर कुठल्याही वर्षापेक्षा जास्त पडणार, कारण सगळा ताप-खोकला आमच्याच टेबलावर येणार आहे. तेव्हा आजारपणाची रजाही बंद म्हणजे गर्दीच्या ऐन मोक्याला एक जण पाच जणांना देणार आणि आख्खा वॉर्ड एकाच आठवड्यात झोपणार. सिंहस्थाची तयारी करायची तर आत्ताच माणसं भरा. अजून वेळ आहे.

आमच्या मागण्या अशा.

उपस्थिती भत्ता मागे घ्या आणि तीच रक्कम सरसकट पगारात घाला. बदली शोधण्याची जबाबदारी लेखी स्वरूपात नर्सिंग ऑफिसकडे द्या, आजारी माणसाने फक्त कळवायचं. ताप, जुलाब-उलट्या, डोळे येणे, कांजिण्या, दोन आठवड्यांहून जुना खोकला, या दुखण्यांत कुणालाही वॉर्डात, ओटीत, किचनमध्ये उभं करायचं नाही असा नियम इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या सहीने लावा. ती रजा पगारी हवी. खोकलेवाल्याची थुंकी टीबीसाठी तपासा आणि निकाल येईपर्यंत त्याचा पगार कापू नका. हाच नियम ठेक्यावरच्या लोकांना लागू करा, आणि विम्यात न धरले जाणारे पहिले दोन दिवस हॉस्पिटलने द्यावेत. ठेकेदाराच्या करारात एक कलम वाढवण्याचं हे काम आहे.

फ्लूची लस दर वर्षी आणि हिपॅटायटिस बी ची सगळ्यांना मोफत द्या, मावशींनाही.

राखीव फळी एकदम ३० टक्के होणार नाही, हे आम्हाला समजतं. येत्या मार्चपर्यंत दहा टक्के आणि पर्वण्यांच्या आधी पूर्ण, असं लेखी वेळापत्रक द्या. रोस्टर आणि रजा ठरवणाऱ्या समितीत प्रत्येक मजल्यावरची एक नर्स आणि हाउसकीपिंगचा एक माणूस घ्या, आणि त्यांची नावं आम्हाला ठरवू द्या.

त्या ब्रदरचे बिनपगारी कापलेले पैसे परत करा. हातात सुई असलेल्या स्टाफचे फोटो ग्रुपवर टाकणं बंद करा.

या पत्रावर सह्या गोळा केलेल्या नाहीत, कारण सही करणाऱ्यांची यादी कुणाच्या हातात जाईल याची अनेकांना धास्ती आहे. मीही नाव लिहीत नाही ते त्याचसाठी. ही धास्तीसुद्धा आमच्या तक्रारींतच धरावी.

आम्ही संप करणार नाही, काळ्या फिती लावणार नाही. पेशंटची औषधं वेळेवर जातील. येत्या शनिवारी दुपारी दोनच्या ओव्हरनंतर तिसऱ्या मजल्यावरच्या सेमिनार हॉलमध्ये मॉर्निंग आणि इव्हिनिंगचा स्टाफ थांबणार आहे. आपल्यापैकी निर्णय घेऊ शकणाऱ्या एका तरी विश्वस्तांनी यावं, परिपत्रक सोबत आणावं आणि वरच्या मुद्द्यांवर हो किंवा नाही सांगावं. ज्याला ‘नाही’ म्हणाल, त्याचं कारण लेखी द्यावं.

आपली,
मेडिसिन वॉर्डमधली एक स्टाफ नर्स
नाशिक